बाजूच्या विहिरीची मोटर

माझे वडील मोटरवाले होते. वसमतच्या बाहेर, कॅनॉलच्या कडेला एका शिक्षणसंस्थेनं पोहण्याची टाकी बांधली होती, तिच्या मोटरी त्यांच्या ताब्यात असत. फाटकावरच्या पाटीवर ‘जलतरण तलाव’ असं रंगवलेलं होतं, पण तो शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही. संस्थेचे अध्यक्ष सोडले तर सगळे टाकीच म्हणत. आई गेल्यापासून आम्ही दोघं टाकीमागच्या खोलीत राहत होतो. मी बारावी होऊन डी.एड.च्या यादीत नाव लागायची वाट पाहत होते, तेव्हा बायकांच्या बॅचला तिकिटं फाडायला मला ठेवलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या भागात बाईनं पोहायला जाणं म्हणजे पिकनिकला जाण्यासारखं होतं. एक डॉक्टरीणबाई, दोन प्राध्यापकांच्या बायका आणि एका हळदीच्या अडत्याच्या तीन सुना, एवढीच आमची बॅच. त्या पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत. पोहणं कुणालाच येत नव्हतं.

टाकीची जागा चुकली होती, हे बाबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. कॅनॉल जवळ, जमीन काळी, आजूबाजूला ऊस. पाच फूट खणलं की पाणी. टाकी खोल बाजूला आठ फूट. म्हणून टाकीला लागूनच सिमेंटच्या रिंगा टाकून एक विहीर केलेली होती. ती पाणी घ्यायला नव्हती, जमिनीतलं पाणी उपसून फेकायला होती. तिची पाच हॉर्सची मोटर सतत चालायची आणि पाणी जाड पाइपातून कुंपणाबाहेर नाल्यात पडायचं.

कशासाठी, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला खोलीमागच्या हौदाशी नेलं आणि रिकामी घागर हातात दिली.

“दाब खाली.”

मी दाबली. घागर वर यायला बघत होती. दोन्ही हातांनी जोर लावला तरी ती तिरकी होऊन उसळली.

“टाकी म्हंजी ही घागरच. भरलेली हाय तवर बसून राहते. रिकामी केली की वर यायला बघते. मंग तळ फुटतो. म्हणून रिकामी करायच्या आधी बाजूचं पाणी खाली न्यायचं.”

विहिरीच्या आतल्या रिंगेवर त्यांनी लाल रंगाचा पट्टा मारलेला होता. टाकी उपसायची असली की पाचसहा दिवस आधीपासून बाजूच्या विहिरीची मोटर थांबू द्यायची नाही. पाणी लाल पट्ट्याच्या खाली हातभर गेलं की मगच टाकीची मोटर लावायची, आणि टाकी धुऊन पुन्हा भरेपर्यंत विहिरीची मोटर चालूच ठेवायची. हिवाळ्यात टाकी बंद असायची, तेव्हाही पाणी आतच ठेवायचं. मग ते हिरवं होवो, बेडकं होवोत. हे सगळं त्यांना ठेकेदाराच्या माणसानं शिकवलं होतं, पण सांगताना ते स्वतःच शोधून काढल्यासारखं सांगत. बाबांना दुसरं काही येत नव्हतं. हे एक येत होतं, आणि ते त्यांना फार छान येत होतं.

नाल्याच्या पलीकडे जमीन चढत जाऊन मुरमाड माळ लागतो. त्या माळावर तांडा होता. खाली आमच्याकडे जमिनीत पाणी मावत नव्हतं आणि वर माळावर बोअर कोरडा होता. हातपंपाचा दांडा केव्हाचा मोडून पडलेला. म्हणून तांड्यावरच्या बाया सकाळ-संध्याकाळ आमच्या पाइपाखाली घागरी लावायच्या. पाणी नाहीतरी नाल्यात जाणार होतं. कुणाचंच काही जात नव्हतं.

पण बाबांना ते सोसत नसे. बाया येताना दिसल्या की ते मोटर बंद करायचे. बाया रिकाम्या घागरी मांडून बसायच्या. मग बाबा कुंपणाशी जाऊन सांगायचे, आधी तेवढं गवत उपटा, तेवढा कचरा भरा, टाकीभोवतीची फरशी झाडा. बाया झाडायच्या. झाडून झालं की कधी मोटर लावायचे, कधी लाइट गेली म्हणून सांगायचे. खोलीत बल्ब जळत असायचा आणि बायांना तो दिसत असायचा. त्यात बाबांना काय मिळत होतं हे मला तेव्हाही कळत होतं. संस्थेत शिपायापासून प्राचार्यापर्यंत कुणीही त्यांना ‘ए मोटर’ म्हणून हाक मारायचं. दिवसभरात त्यांचं ऐकणारं एवढंच माणूस होतं, कुंपणापलीकडचं.

त्या बायांमध्ये एक पन्नाशीची, उंच बाई होती. टाकी खणताना ती आणि तिचा नवरा खडक फोडायला होते. नवरा त्यानंतर वारला. तिची दोन मुलं संस्थेच्याच नव्या इमारतीवर गवंड्याच्या हाताखाली होती. ती गवत उपटायची नाही, झाडायचीही नाही. घागर पालथी घालून तिच्यावर बसून राहायची आणि बाबांकडे बघायची. इतर बायांचं झाडून झालं, पाणी आलं, की सगळ्यांच्या शेवटी आपली घागर भरायची. बाबा तिला एकदाही काही बोलले नाहीत. घरी मात्र तिच्यावर बोलायचे. भाकरी खाताना, अंथरूण घालताना, तिचंच.

एका उन्हाळ्यात त्यांनी पाइपाच्या तोंडाला आतून जळकं ऑइल फासलं. इंजिनाचं काळं, घट्ट ऑइल. मला दाखवायला बोलावलं. संध्याकाळी बाया आल्या तेव्हा त्यांनी मोटर न कुरकुरता लावली. आम्ही दोघं खिडकीत उभे होतो. पहिली घागर भरली आणि तिच्यात तवंग फिरायला लागला. बाई घागर ओतून पुन्हा लावते, पुन्हा तवंग. हाताला काळं, लुगड्याला काळं. बाबा हसत होते. मीही हसले. तोंडावर हात धरून, खिडकीच्या खाली बसून, पोट दुखेपर्यंत हसले. बऱ्याच दिवसांनी आम्ही बापलेक एकत्र हसलो होतो, म्हणून मला ते लख्ख आठवतं.

उंच बाईनं तिची घागर मातीनं घासली, वाळूनं घासली, आणि तशीच डोक्यावर घेऊन ती फाटकातून आत आली. त्या दिवशी अध्यक्ष पाहुणे घेऊन टाकी दाखवायला आलेले होते. ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. आवाज चढवला नाही. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून अध्यक्ष हसले. बाबांना बोलावलं. पाइपाखाली तांब्या धरायला लावला, आणि तो तांब्या सगळ्यांसमोर प्यायला लावला.

बाबा प्यायले. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, गोड लागतंय का. सगळे हसले. अध्यक्षांनी तिथंच हुकूम दिला की सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, तांड्याच्या बायांना पाणी भरू द्यायचं, त्यांना हात लावायचा नाही, काम सांगायचं नाही. त्यांना बायांची दया आली असेल असं मला वाटत नाही. पाहुण्यांना दया दाखवायची होती आणि बाबा हाताशी होते.

त्या रात्री बाबांना ओकाऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून ते त्या बाईबद्दल एक शब्दही बोलेनासे झाले. मला तेच भीतीचं वाटलं.

पुढच्या वर्षी उन्हाळी बॅच सुरू व्हायच्या आधी टाकी उपसून, घासून, निळा रंग द्यायचा होता. बाबांनी नेहमीप्रमाणे पाच दिवस आधीपासून बाजूची मोटर अखंड चालू ठेवली. पाणी पट्ट्याच्या खाली गेलं, तेव्हा टाकीची मोटर लावली. टाकी रिकामी व्हायला दोन-अडीच दिवस लागतात. त्यातल्या पहिल्याच दिवशी सकाळी बाया आल्या, आणि बाबांनी बाजूच्या मोटरीच्या बोर्डातला एक फ्यूज काढून घेतला. तासाभरानं बाया रिकाम्या गेल्या, तेव्हा लावला. संध्याकाळी तेच. अध्यक्षांनी मोटर चालू ठेवा असं सांगितलेलं नव्हतं, बायांना अडवू नका असं सांगितलेलं होतं. फ्यूज उडाला तर मोटरवाला काय करणार?

दुसऱ्या दिवशी कॅनॉलला पाणी सुटलं. उसासाठीची उन्हाळी पाळी. दुपारी मी विहिरीत डोकावले तर लाल पट्टा पाण्याला टेकलेला. मी बाबांना म्हटलं, पाणी चढून राहिलंय. ते म्हणाले, तू तुझी तिकिटं फाड.

संध्याकाळी बाया आल्या. फ्यूज बाबांच्या खिशात होता. उंच बाई या वेळी बसली नाही. घागर खाली ठेवून ती कुंपणाला लागून उभी राहिली. तिथून तिला टाकी दिसत होती, अर्ध्याहून खाली गेलेलं पाणी दिसत होतं, आणि कॅनॉलचा आवाज ऐकू येत होता. तिनं बाबांना हाक मारली.

“भाऊ, आमाला पाणी देऊ नका. पण मोटर लावा.”

बाबांनी पाठ फिरवली.

“ह्या टाकीचा खडक आमी फोडलाय. खणताना कॅनॉल सुटला का रातीतून गुडघाभर पाणी येत व्हतं. खालून येतं ते. आज लावली न्हाई तर टाकी फुटल. आमी जातो, आमी गेल्यावर लावा.”

आणि ती खरंच गेली. बाकीच्या बायांनाही घेऊन गेली. पाणी न भरता.

मला वाटलं, आता ते लावतील. ते बराच वेळ बोर्डासमोर उभे राहिले. मग माझ्याकडे आले आणि तो फ्यूज माझ्या तिकिटांच्या खणात टाकला. म्हणाले, “ती सांगणार आन् मी लावणार?”

खण माझा होता. चावी माझ्याकडे होती. बोर्ड दहा पावलांवर होता आणि मला फ्यूज लावता येत होता. मी खणाला कुलूप घातलं आणि स्वयंपाकाला गेले.

टाकी दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. ‘उठली’ हाच शब्द आमच्याकडे पुढं सगळ्यांनी वापरला. दोन मजूर उथळ बाजूला तळ घासत होते. आधी फरशा तडतडायला लागल्या, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशा. मजूर पायऱ्या चढून पळाले. मग खालून एक आवाज आला, जड गाडी पुलावरून जाते तसा, आणि खोल बाजूचा तळ आमच्या डोळ्यांदेखत वीतभर वर आला. मधोमध भेग पडली. भेगेतून गढूळ पाणी उकळल्यासारखं येऊ लागलं. भिंतीवरचा जुना निळा रंग सोलून पडला. बाबा काठावर उभे होते. त्यांचा चेहरा तेव्हा पाहिला तो आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. त्यांना येणारी एकुलती एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली होती.

पण ते भान फार वेळ टिकलं नाही. अध्यक्षांची जीप येईपर्यंत ते पुन्हा बाबा झाले होते. त्यांनी सांगितलं, तांड्याच्या बायांनी फ्यूज काढून नेला. पाणी मिळालं नाही म्हणून डूख धरला. अध्यक्षांनी तांड्यावर माणूस पाठवला. बाया आल्या, उंच बाई पुढं. तिची दोन्ही मुलं बांधकामावरून आली. टाकीच्या काठावर पन्नासेक माणसं जमली.

अध्यक्षांनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. मी शिकलेली, तिकिटं लिहिणारी, माझ्या शब्दाला वजन होतं.

“बाळ, तू इथंच असतेस. तू काय पाहिलंस?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मला राग आला असता. ते जमिनीकडे बघत उभे होते, जसे तांब्या प्यायच्या आधी उभे होते.

मी म्हणाले, “काल संध्याकाळी ह्या मावशी बोर्डापाशी होत्या. ह्या म्हणाल्या, टाकी फुटल.”

अध्यक्षांनी बाईला विचारलं, “असं म्हणालीस?”

“म्हणले.”

तिनं पुढं सांगायला तोंड उघडलं, पण अध्यक्षांनी हात वर केला होता. सगळ्यांना पुरे एवढं ऐकू आलं होतं. ती माझ्याकडे वळली.

“माय, मी बोर्डापाशी व्हते? तू पाहिलं?”

“व्हय,” मी म्हणाले.

मी अडखळले नाही. आवाज कापला नाही. अडखळले असते तर आज ते लिहून स्वतःला थोडं सोडवलं असतं. खरी गोष्ट ही की त्या क्षणी मला स्वतःचं कौतुक वाटलं. अर्धं वाक्य खरं ठेवलं म्हणून माझं खोटं किती पक्कं बसलं, हे मला कळत होतं.

तिला आणि तिच्या मोठ्या मुलाला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. मुलाला मारलं. फ्यूज सापडला नाही, कारण तो माझ्या खणात होता. संध्याकाळी सोडून दिलं. दोन्ही मुलांना बांधकामावरून काढलं. कुंपणाबाहेरचा पाइप सिमेंटनं बुजवून पाणी आतल्या आत चारीनं वळवलं. तांड्याच्या बाया त्या उन्हाळ्यात कॅनॉलवर जाऊ लागल्या. कॅनॉलच्या बाजू उतरत्या, गुळगुळीत, शेवाळलेल्या. वैशाखात एके सकाळी उंच बाई भरलेली घागर घेऊन वर चढताना घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांच्याकडेच तिला आधी आणलं होतं. त्या म्हणाल्या, नांदेडला न्यायला सांगितलं, पण नेलं की नाही माहीत नाही. मग त्यांनी विचारलं, टाकी या वर्षी सुरू होणार नाही का?

टाकी पुन्हा कधीच सुरू झाली नाही. मुंबईहून कुणीतरी येऊन बघून गेलं आणि दुरुस्तीपेक्षा नवी बांधा म्हणालं. खोल बाजूला भेगेतून आलेलं पाणी साचून राहिलं. बाबांना वॉचमन केलं. ते दिवसभर फुटलेल्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचे.

मला मात्र फायदा झाला. हे लिहायला हवं. यादीत माझं नाव लागलं तेव्हा बाबांनी सेनगावकडचं एक स्थळ पक्कं करत आणलेलं होतं. मी जेवायला वाढताना म्हटलं, मला हिंगोलीला शिकायला जायचंय. ते म्हणाले, न्हाई. मी म्हटलं, अध्यक्षसाहेबांना भेटायला जाईन म्हणते. एवढंच. त्यांनी हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी स्थळाला नकार कळवला. पुढंही दोन-तीनदा तसं झालं. फ्यूज मी जपून ठेवला होता, हे त्यांना माहीत होतं. मी कधी दाखवला नाही. ते मला घाबरायचे, आणि माणसांत सांगायचे की पोरगी कामाची निघाली. ज्या खोट्यानं त्या बाईची मुलं कामावरून गेली, त्याच खोट्यावर मी मास्तरीण झाले.

नोकरीच्या चौथ्या वर्षी माझी बदली वसमत तालुक्यात झाली आणि मतदार यादीच्या कामात तो तांडा माझ्या वाट्याला आला. बदलून घेता आला असता. मी घेतला नाही. माफी मागेन असं मनात होतं, पण नक्की तसंच होतं का, सांगता येत नाही. माणूस जिवंत आहे की नाही एवढं बघायलाही जातो आपण.

घर पत्र्याचं होतं. ती दाराच्या आत बाजेवर पडलेली होती. उंच बाई बाजेवर फार लांब दिसत होती. सुनेनं मला पोतं अंथरून दिलं. मी कागद काढले, नावं विचारली, वयं विचारली. थोरला मुलगा कुठं आहे विचारलं, तर सून म्हणाली, पुण्याकडं बांधकामावर आहेत, वर्षातून एकदा येतात. धाकटा ऊसतोडीला. म्हातारी छताकडे बघत होती. मला वाटलं, तिनं ओळखलं नाही, आणि मला हायसं वाटलं. मी तिचं नाव वाचून वय विचारलं.

“तुला म्हाईत असंल,” ती म्हणाली. “तू समदं पाहिलेलं असतंय.”

माझी मान वर झाली नाही. सून काही न कळून हसली आणि पाहुणी बाई उन्हातून आली म्हणून माठाकडे वळली. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

“देऊ नको तिला,” म्हातारी म्हणाली.

सून पेला हातात घेऊन उभी राहिली. तिनं एकदा सासूकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी कागद आवरले. काहीतरी बोलायला हवं होतं. ‘मावशी’ एवढं तोंडातून आलं.

“काम झालं ना तुजं? मंग जा. दुसऱ्याच्या घरचे नावं लिही.”

मी पुढच्या घरी गेले आणि नावं लिहिली. त्याच्या पुढच्या घरी गेले. एकवीस घरं होती, सगळी पूर्ण केली. कुठंही पाणी मागितलं नाही.

त्या रविवारी बाबांकडे गेले तेव्हा त्यांना जेवताना सांगितलं की मी तांड्यावर गेले होते, ती भेटली. त्यांनी घास थांबवला.

“जिती हाय आणखी?”

“आहे. झोपून असते. कंबर गेलीय.”

मी वाट पाहिली. त्यांच्या तोंडून काय यावं असं मला वाटत होतं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

“लई ताठ व्हती,” ते म्हणाले, आणि भाकरीसाठी ताट पुढं केलं.

मी त्यांना भाकरी वाढली.